शकुनीला नक्की काय हवं होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शकुनीचा खरा हेतू कोणता? गांधारीला आंधळ्या नवऱ्याच्या गळ्यात बांधली, त्याचा सूड म्हणून त्याला कुरुकुळच बुडवायचं होतं आणि दुर्योधन हे फक्त हत्यार होतं? की भाच्याला राज्य मिळवून द्यायचं होतं आणि डाव अंगाशी आला? का त्याचं स्वतःचंच काही घोडं दामटायचं होतं? विचारणाऱ्यांच्या मित्रमंडळींत यावरून तीन तट पडले आहेत आणि त्यांना पुरावे हवे आहेत.

पुरावे देतो. पण त्याआधी हे तिघे एकाच माणसाबद्दल बोलताहेत का, ते तपासा. महाभारताच्या वाचनवर्गात हा वाद निघाला की बहुतेक वेळा भांडण हेतूवरून नसतंच. एकाच्या डोक्यात १९८८ ते १९९० च्या बी. आर. चोप्रांच्या मालिकेतला गुफी पेंटल यांचा लंगडत चालणारा, फासे चोळणारा मामा असतो. दुसऱ्याच्या डोक्यात आजीकडून ऐकलेली तुरुंगाची कथा असते. तिसऱ्याने संस्कृत संहितेचं भाषांतर वाचलेलं असतं. या तिन्ही शकुनींचे हेतू वेगळे आहेत, आणि मालिकेतल्या शकुनीचा हेतू व्यासांच्या शकुनीला चिकटवला की गाडी रुळावरून घसरते. त्यामुळे उत्तर कोणता पाठ धरता यावर अवलंबून आहे. ही पळवाट नव्हे. एकदा पाठ ठरवला की उत्तर बरंच पक्कं देता येतं.

तुरुंगाची कथा बहुतेकांना माहीत असते, तरी सांगतो. गांधारीच्या पत्रिकेत दोष होता म्हणून तिचं आधी बोकडाशी लग्न लावलं. ते उघडकीला आल्यावर तिच्या बापाला, सुबल राजाला, मुलांसकट कोंडलं आणि माणशी एकेक शीत भात द्यायला सुरुवात केली. सगळ्यांनी आपला घास सर्वांत हुशार असलेल्या शकुनीला दिला, बापाने आठवण राहावी म्हणून त्याचा पाय मोडला, आणि बापाच्या हाडांचे फासे करून शकुनी बाहेर पडला. कथा जबरदस्त आहे. पण कोंडणारा कोण ते विचारा. कोणी भीष्म सांगतं, कोणी धृतराष्ट्र, कोणी चक्क दुर्योधन. कोंडणारा दुर्योधन असेल तर सूड त्याच्यावर आहे आणि भीष्म असेल तर सगळ्या कुळावर. म्हणजे लोककथेच्या आतही हेतू एक नाही.

आता संस्कृत संहिता. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये चिकित्सक आवृत्तीचं काम हाती घेतलं आणि १९६६ मध्ये पुरं केलं. त्यासाठी १२५९ हस्तलिखितं ताडून पाहिली. तिचं पान कसं वाचायचं हे कळलं तर असे निम्मे वाद मिटतात. वर मुख्य संहिता असते. रेघेखाली पाठभेद असतात, आणि काही हस्तलिखितांतच सापडणारे श्लोक तारांकित क्रमांकाने दिलेले असतात. मोठे प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घातलेले, भाग परिशिष्टात जातात. एखादा प्रसंग ‘महाभारतात आहे’ असं कोणी म्हणालं की आधी वर बघायचं, मग तारांकित श्लोक, मग परिशिष्ट. हाडांच्या फाशांची कथा मुख्य संहितेत नाही आणि नीलकंठाच्या टीकेसह छापल्या जाणाऱ्या प्रचलित पाठातही नाही. (नीलकंठ चतुर्धर मूळचे आपल्या कोपरगावचे. त्यांनी टीका लिहिली ती काशीत, सतराव्या शतकात.) एक व्यावहारिक सूचना: प्रचलित पाठ आणि चिकित्सक आवृत्ती यांचे अध्याय-क्रमांक जुळत नाहीत, आणि जुनी मराठी भाषांतरं प्रचलित पाठावरची आहेत. मी खाली चिकित्सक आवृत्तीचे क्रमांक देतोय, आधी पर्व, मग अध्याय. तुमच्याकडे दुसरी प्रत असेल तर नुसता आकडा शोधू नका, प्रसंग शोधा, नाहीतर ‘असा श्लोकच नाही’ म्हणून नवाच वाद सुरू होईल.

हेतू तपासायची माझी पद्धत साधी आहे. ‘त्याच्या मनात काय असेल’ इथून सुरुवात करायची नाही. प्रत्येक तर्क तात्पुरता खरा धरायचा आणि विचारायचं: हा हेतू असता तर या माणसाने कोणती गोष्ट कधीच केली नसती? मग ती गोष्ट त्याने केली आहे का ते शोधायचं. तर्काला पुष्टी देणारे श्लोक प्रत्येकाला मिळतात. तर्क मोडणारा श्लोक शोधला तरच काही हाती लागतं. शिवाय प्रत्येक उताऱ्याशेजारी बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण हे लिहून ठेवायचं. शकुनीबद्दल विदुर जे बोलतो ते विदुराचं मत, निवेदकाचं नव्हे.

सूडाचा तर्क या चाळणीतून काढू. सुरुवात त्याच्या बाजूने होते. आदिपर्वात (१.१०३) भीष्माचा निरोप आल्यावर नवरा आंधळा म्हणून सुबल विचारात पडतो. पण कुळ, कीर्ती आणि वर्तन पाहून तो मुलगी देतो. शकुनी बहिणीला घेऊन हस्तिनापुरास येतो, लग्न लावून देतो, भीष्माकडून सत्कार घेतो आणि आपल्या नगरीला परत जातो. राग, प्रतिज्ञा, दात-ओठ खाणं यातलं काही नाही. सूडाची ठिणगी पडायची तर इथेच पडायला हवी होती, आणि कवीने इथे शकुनीला एक वाक्यही दिलेलं नाही.

पुढे तर तर्काला तडेच जातात. द्रौपदीच्या स्वयंवराला आलेल्या राजांच्या यादीत (१.१७७) शकुनीबरोबर गांधारराजाचे इतर मुलगेही आहेत. युधिष्ठिराच्या राजसूय यज्ञाला (२.३१) स्वतः सुबल हजर आहे. यज्ञ संपल्यावर पाहुण्यांना पोहोचवायला एकेक पांडव जातो, तेव्हा सुबलाला आणि त्याच्याबरोबरच्या मुलाला निरोप द्यायला नकुल जातो (२.४२). द्यूत याच्यानंतरचं. म्हणजे ज्या बापाच्या हाडांचे फासे केले म्हणतात तो बाप द्यूताच्या थोडंच आधी पांडवांकडचं यज्ञाचं जेवण जेवून धडधाकट घरी गेलाय. भावांचंही तेच. द्यूताचा बेत शिजतो त्या संवादात शकुनी दुर्योधनाला तुझे पाठीराखे कोण ते मोजून दाखवतो, त्यात ‘मी आणि माझे सख्खे भाऊ’ असं म्हणतो (२.४४). हे भाऊ युद्धात मरतात, काही अर्जुनाचा मुलगा इरावान याच्या हातून (६.८६), तर वृषक आणि अचल अर्जुनाच्या हातून (७.२९). तुरुंगात कोणी मेलेलं नाही. ज्यांचा सूड घ्यायचा तेच त्याच्या बाजूने लढताहेत.

तरी कोणी म्हणेल, तुरुंग सोडा, बहिणीच्या लग्नाचा सल तरी असेल की नाही? या तर्काला सर्वांत जड जाणारा उतारा वनपर्वात आहे, आणि तो फारसा कोणी वाचत नाही. घोषयात्रेत, म्हणजे गुरांच्या तळांची पाहणी हे निमित्त करून दुर्योधन वनात जातो तेव्हा, चित्रसेन गंधर्व त्याला बांधून नेतो आणि पांडव दुर्योधनाला सोडवतात. ही नामुष्की सहन न होऊन दुर्योधन अन्नपाणी सोडून प्राण द्यायला बसतो. कर्ण समजावतो, पांडव तुझ्याच राज्यात राहतात, त्यांनी प्रजेचं कर्तव्य केलं, त्यात उपकार कसला? मग शकुनी बोलतो (३.२३९). तो म्हणतो, मी मिळवून दिलेलं ऐश्वर्य मूर्खपणाने टाकून जीव काय देतोस? जिथे आनंद मानायचा, पांडवांचा सत्कार करायचा, तिथे तू शोक करतोयस. आणि पुढे सरळ सांगतो, ‘प्रयच्छ राज्यं पार्थानां यशो धर्ममवाप्नुहि’. पांडवांना राज्य देऊन टाक, यश आणि धर्म मिळव. त्यांच्याशी भाऊपणा जोड, त्यांचं वडिलोपार्जित राज्य त्यांना दे आणि सुखी हो.

ज्याला कुरुकुळाचा निर्वंश हवा आहे तो हे वाक्य उच्चारेल का? सूडवाले यावर म्हणतात, दुर्योधन मेला असता तर हत्यारच गेलं असतं, म्हणून त्याला जगवण्यासाठी बोलला. ही हरकत खोटी नाही. पण जगवायला कर्णाची वाट मोकळी होती: उपकार नाहीत, ऊठ. शकुनीने त्या वाटेवर न थांबता तहाचा मार्ग दाखवला, आणि तह झाला तर युद्ध टळतं, सूड राहून जातो. हा सल्ला मनापासून होता का, यावर मात्र वाद घाला. तो वाद घालण्यासारखा आहे. दुर्योधन तो मानत नाही. पुढे त्याचं मन फिरतं ते दानवांच्या आश्वासनाने, मामाच्या शब्दाने नाही.

शेवटचा साक्षीदार गांधारी स्वतः. स्त्रीपर्वात (११.२४) मेलेल्या भावापाशी उभी राहून ती कृष्णाला सांगते, हे मोठं वैर यानेच पेटवलं, माझ्या मुलांच्या आणि स्वतःच्या गणगोताच्या नाशासाठी. आणि वर म्हणते, माझी मुलं सरळ बुद्धीची, हा वाकडा तिथे परलोकातही त्यांच्यात भांडणं लावणार नाही कशावरून? जिच्यासाठी सूड घेतला असं आपण समजतो, तिला याचा पत्ताच नाही. आई म्हणून ती मुलांना झुकतं माप देतेय, ‘सरळ बुद्धीचा दुर्योधन’ हे वाचताना हसू येतं, हे खरं. पण भावाने माझ्यासाठी केलं अशी पुसटशी छटाही तिच्या बोलण्यात नाही.

स्वतःच्या महत्त्वाकांक्षेचा तर्क लवकर आटोपतो. द्यूत सुरू होताना दुर्योधन जाहीर करतो की पणाला लावायची रत्नं आणि धन मी देईन, माझ्या वतीने खेळेल मामा (२.५३). एकाच्या वतीने दुसऱ्याने खेळणं गैर वाटतं, असं युधिष्ठिर तिथल्या तिथे म्हणतो, तरी खेळायला बसतो. म्हणजे जिंकलेलं सगळं दुर्योधनाचं. कर्णाला अंगदेश मिळाला तसं शकुनीच्या पदरात काही पडल्याचं द्यूताच्या प्रकरणात कुठे नाही. विदुर तर भर सभेत म्हणतो, या डोंगराळ मुलुखातल्या माणसाचं कपट आम्हाला ठाऊक आहे, शकुनी आला तिकडे परत जाऊ दे (२.५६). दरबारात त्याची जागा म्हणजे बहिणीच्या सासरी मुक्काम ठोकून बसलेला पाहुणा.

उरतो भाच्याचा मामा. या तर्काला जागोजागी आधार मिळतो. राजसूयानंतर बाप घरी जातो आणि शकुनी दुर्योधनाबरोबर मयसभेत मागे राहतो. परतीच्या वाटेवर दुर्योधन आगीत उडी घेईन, विष खाईन, पाण्यात जीव देईन म्हणतो (२.४३). तिथे शकुनीचं पहिलं वाक्य चिथावणीचं नाही. तो म्हणतो, युधिष्ठिराचा मत्सर करू नकोस, पांडव आपल्या नशिबाचं भोगताहेत, तुलाही सहायक आहेत, पृथ्वी जिंक. दुर्योधन हट्टाने पांडवांनाच जिंकायचं म्हणतो. मग शकुनी सांगतो की युद्धात ते देवांनाही हरणार नाहीत, पण युधिष्ठिर कसा हरेल ते मला माहीत आहे: ‘द्यूतप्रियश्च कौन्तेयो न च जानाति देवितुम्’. त्याला खेळाची आवड आहे आणि खेळता येत नाही, बोलावलं तर नाही म्हणणार नाही, आणि माझ्यासारखा खेळणारा पृथ्वीवर नाही. क्रम नीट बघा. हाव दुर्योधनाची, युक्ती मामाची. बापापुढे विषय काढायचं कामही भाचा मामावर ढकलतो.

इथून पुढचं माझं अनुमान आहे, संहितेचं विधान नव्हे. शकुनीला हवी होती ती किंमत. रणात भीष्म, द्रोण, कर्ण आहेत. युद्धाआधी भीष्म योद्ध्यांची प्रतवारी लावतो तेव्हा शकुनीला ‘एक रथ’ म्हणतो, अतिरथ किंवा महारथ नाही. (मालिकेतलं लंगडणं मूळात कुठे नाही, तो चांगला लढणारा आहे.) द्यूतसभा ही एकच जागा अशी की जिथे त्याच्या तोडीचं कोणी नाही. तिथे त्याचा खेळाडू म्हणून माज दिसतो. प्रत्येक पणाला तोच ठेका, ‘जितम्’, जिंकलं. युधिष्ठिर स्वतःला हरतो तेव्हा शकुनी त्यालाच ऐकवतो की धन शिल्लक असताना स्वतःला हरणं हे सर्वांत मोठं पाप केलंस, आणि त्याच दमात द्रौपदी पणाला लावून स्वतःला सोडवून घे असं सुचवतो. अजून एक खेळी बाकी आहे हे दिसलं की हात आवरत नाही, अशातला हा प्रकार आहे. वनपर्वातलं ‘मी मिळवून दिलेलं ऐश्वर्य’ याच्याशी जोडून वाचा. त्याला राज्य नको होतं, ते मिळवून देणारा म्हणून नाव हवं होतं. हे अनुमान मोडणारा श्लोक कोणी दाखवला तर मला आवडेल.

वादात अडखळायची जागा बहुतेक एकच असते. शेवट पाहून हेतू ठरवला जातो: कुळ बुडालं, म्हणजे त्याला तेच हवं होतं. अठराव्या दिवशीचा प्रसंग (९.२७) या लोकांना जरूर वाचून दाखवा. सहदेव आधी शकुनीचा मुलगा उलूक याला मारतो. मुलगा पडलेला पाहून शकुनीचा गळा दाटून येतो, तो सुस्कारा टाकतो आणि त्याला विदुराचे शब्द आठवतात. थोड्या वेळाने तोही सहदेवाच्या हातून मरतो. दुर्योधन तेव्हा अजून जिवंत आहे. योजना फत्ते झालेल्या माणसाला त्या क्षणी ‘नको’ म्हणणाऱ्या विदुराची आठवण कशाला येईल?

मग सूडाची कथा इतकी घट्ट का रुतली? माझ्या मते ती सोयीची आहे. शकुनी सूत्रधार झाला की धृतराष्ट्र आणि दुर्योधन हलके होतात. मूळ सभापर्वात खेळ चालू असताना आनंद लपवता न येऊन ‘काय जिंकलं? काय जिंकलं?’ असं पुन्हा पुन्हा विचारणारा धृतराष्ट्र आहे. ते एक वाक्य नीट वाचलं की बाहेरून आलेल्या मामाने भोळं घर फोडलं ही समजूत टिकत नाही. असाच दुसरा नमुना: ‘आंधळ्याचा मुलगा आंधळा’ हे द्रौपदीच्या तोंडचं वाक्य चिकित्सक आवृत्तीत नाही. मयसभेत दुर्योधन फजीत होतो तेव्हा हसणाऱ्यांत भीम, अर्जुन, जुळे भाऊ आणि सेवक आहेत. द्रौपदी बायकांसह हसली हे नंतर दुर्योधन बापाला सांगतो, त्याच्याच तोंडून. दोन्ही ठिकाणी दोष बाहेरच्या कोणावर तरी सरकवलेला आहे.

तुमच्यापैकी कोणाला शकुनीवर एकांकिका किंवा कादंबरी लिहायची असेल तर सूड जरूर घ्या, परंपरेने ती मोकळीक नेहमीच दिली आहे. फक्त काय काय कापावं लागेल ते आधी पाहा: राजसूयातला सुबल, युद्धातले भाऊ, घोषयात्रेनंतरचा तहाचा सल्ला आणि स्त्रीपर्वातली गांधारी. यातलं एखादं राहून गेलं तर जाणकार प्रेक्षक पहिल्या प्रयोगालाच पकडेल. मित्रमंडळींच्या वादासाठी मात्र एवढं सगळं वाचायची गरज नाही. आधी २.४३ आणि २.४४ सलग वाचा, मग ३.२३९, मग ९.२७, शेवटी ११.२४. एका बैठकीत होईल. सूडाची बाजू घेणाऱ्याला सुरुवात ३.२३९ पासून करायला लावा, त्या अध्यायाचं काय करायचं ते त्याने ठरवलं की पुढचं बोलता येईल.